एकाच चांदीचे दोन रुपये

सहाव्या जॉर्जचा १९३८ सालचा रुपया आणि १९३९ सालचा रुपया तराजूच्या दोन पारड्यांत ठेवले, तर काटा मध्येच उभा राहील. दोन्हींचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. दोन्हींत बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबे. मोडीच्या भावाने सराफ दोन्हींचे सारखेच पैसे देईल आणि त्याचा हिशेब चुकलेला नसेल. नाणेसंग्राहक मात्र १९३८च्या रुपयाला चांदीपेक्षा थोडे जास्त देतो आणि १९३९च्या अस्सल रुपयासाठी त्याच्या कित्येक पट मोजतो. तो वर्षाने नवा असूनही! नाणे जितके जुने तितके मोलाचे, हा समज इथे पहिल्याच पावलाला अडखळतो. यावर सहसा असे उत्तर मिळते, की धातूची किंमत वेगळी आणि संग्रहाची किंमत वेगळी, एकीचा दुसरीशी संबंध नाही. हे उत्तर मला अपुरे वाटते. दुसरी किंमत पहिलीच्याच पोटातून जन्मते. धातूचा भाव चढतो तेव्हा नाणी भट्टीत जातात, आणि भट्टीतून किती व कशा स्थितीत सुटली यावर उरलेल्यांचे मोल ठरते.

आधी धातूचा हिशेब पाहू, कारण तो सोपा आहे आणि त्यात मतभेदाला जागा नाही. कंपनी सरकारने १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा ठरवला तो रुपयाच्याच वजनावरून, म्हणून राणीछाप रुपया हे सराफी पेढ्यांवर वजनाचे मापही झाले. ११.६६ ग्रॅमचे अकरा-बारांश काढले की शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम येते. त्याला दिवसाच्या भावाने गुणले की धातूची किंमत मिळते. प्रश्न उरतो तो नाणे खरोखर त्या कसाचे आहे की नाही हा, आणि त्यासाठी आर्किमिडीजची युक्ती अजून उपयोगी पडते. चांदीची घनता पाण्याच्या १०.४९ पट, तांब्याची ८.९६ पट. त्यामुळे जुन्या रुपयाच्या मिश्रधातूची घनता १०.३च्या आसपास येते, आणि दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवलेला रुपया सुमारे १.१३ ग्रॅमने हलका भरतो. १९४०पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच, बाकी ४० टक्के तांबे आणि निकेल व जस्त प्रत्येकी ५ टक्के. तो पाण्यात १.२२ ग्रॅमच्या आसपास हलका होतो. हा फरक ग्रॅमच्या दहाव्या भागाएवढाही नाही, तरी सराफाचा आजचा इलेक्ट्रॉनिक काटा तो सहज दाखवतो. १९४७चा रुपया तर निव्वळ निकेलचा, त्याला लोहचुंबकच चिकटतो. सोन्याच्या बाबतीत मात्र ही युक्ती एका ठिकाणी तोकडी पडते. टंगस्टनची घनता १९.२५ आणि सोन्याची १९.३, म्हणजे जवळजवळ तीच. पोटात टंगस्टन भरलेली लगड पाण्यात ओळखू येत नाही. तिच्यासाठी धातूतून ध्वनीलहर किती वेगाने जाते ते मोजावे लागते, कारण टंगस्टनमध्ये ती सोन्यापेक्षा खूपच वेगाने धावते.

या हिशेबात वयाला कुठेच स्थान नाही. तसे पाहिले तर नाण्यावरचे साल हे त्याचे वय असेलच असेही नाही. १८४० साल कोरलेले व्हिक्टोरियाचे रुपये १८६२पर्यंत पडत राहिले, आणि १८६२चा शिक्का १८७४पर्यंत वापरात होता. म्हणून पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वीचे साल असलेला १८४०चा रुपया आजही मुबलक मिळतो. टांकसाळीने किती नाणी पाडली हा आकडाही फसवा आहे. आपल्याला हवी ती उरलेल्यांची संख्या, आणि ती बाजारभावाने घडवलेली असते. पहिल्या महायुद्धात हे फार स्पष्ट दिसले. तेव्हा रुपयाचा विनिमय दर १६ पेन्स होता, आणि लंडनला चांदी औंसाला ४३ पेन्सांवर गेली की रुपयातली चांदीच १६ पेन्सांची होत असे. १९१७ साली भाव ही मर्यादा ओलांडून गेला. रुपया खर्च करण्यापेक्षा आटवणे फायद्याचे झाले. सरकारने नाणी वितळवण्यावर बंदी घातली, त्याच वर्षी एक रुपयाची कागदी नोट आणली, तरी चांदीची टंचाई हटेना. शेवटी अमेरिकेने १९१८ साली पिटमन कायदा करून आपल्या तिजोरीतले २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले, आणि त्यातली बहुतेक चांदी भारतातल्या रुपयांसाठी रवाना केली. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत ती रुपये होऊन पडली. वितळवताना कोणत्या सालाचे किती डॉलर गेले याची नोंद कोणी ठेवली नाही. त्यामुळे त्या डॉलरांच्या संग्राहकांना टांकसाळीच्या छापील आकड्यांवर आजही विसंबता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धात तेच पुन्हा घडले आणि १९३९च्या रुपयाचे भवितव्य तिथेच ठरले. चांदीची मागणी वाढली, लोकांनी रुपये दडवायला सुरुवात केली, तेव्हा सरकारने १९४० साली चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणले, पुन्हा एक रुपयाची नोट काढली आणि पुढच्या काही वर्षांत जुन्या कसाची नाणी टप्प्याटप्प्याने परत बोलावली. १९३९चे रुपये बाजारात मुरायच्या आधीच बहुतांशी भट्टीत परतले. निम्म्या चांदीच्या रुपयांनाही पुढे तीच वाट धरावी लागली. युद्धकाळात भारताने अमेरिकेकडून साडेबावीस कोटी औंसांच्या आसपास चांदी उसनी घेतली होती. स्वातंत्र्यानंतर ती चांदीच्याच रूपात फेडायची होती, आणि त्यासाठी चलनातून काढलेले हे रुपये कलकत्त्याच्या अलीपूर टांकसाळीतल्या शुद्धीकरण केंद्रात वितळवले गेले. आज एखाद्या आजीच्या डब्यात निघालेला रुपया इतक्या भट्ट्या चुकवून आलेला आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. धातूची किंमत तेवढी खरी, बाकी सारी हौशी लोकांची कल्पना. उद्या हौस सरली तर हातात चांदीच उरणार. या आक्षेपात तथ्य आहे: चांदीला कोणत्याही गावात गिऱ्हाईक मिळते, दुर्मीळ रुपयाला मिळेलच असे नाही. पण धातूची किंमत अढळ असते हे गृहीतक इतिहासात टिकत नाही. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला रुपया जवळजवळ दोन शिलिंगांचा होता. जर्मनीने सुवर्णचलन स्वीकारून चांदी विकायला काढली, अमेरिकेच्या खाणींतून नवी चांदी आली, आणि १८९३पर्यंत रुपया सव्वा शिलिंगाच्या घरात घसरला. धातू तोच, वजन तेच. त्या वर्षी चलनविषयक हर्शेल समितीच्या शिफारशीवरून हिंदुस्थानातल्या टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद झाल्या, आणि नाण्याचे दर्शनी मोल त्यातल्या चांदीपासून तुटले. म्हणजे धातूचा भावही टंचाई आणि मागणी यांनीच ठरतो, दुर्मीळ नाण्याचाही त्यांनीच. फरक इतकाच, की चांदी खाणीतून आणखी काढता येते. १९३९चा अस्सल रुपया आणखी पाडता येत नाही.

संख्येइतकेच महत्त्व स्थितीला आहे, आणि इथे विज्ञान घरापर्यंत येते. नाण्याविषयी आपल्याला जे कळते ते जवळजवळ सगळे त्याच्या पृष्ठभागावर असते. याचा सर्वांत सुंदर पुरावा नाशिक जिल्ह्यातला आहे. १९०६ साली जोगळटेंभी इथे क्षत्रप नहपानाची सुमारे १३,२५० चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारलेला आहे: नहपानाच्या चेहऱ्यावरच चैत्याची टेकडी आणि उज्जैनचे चिन्ह. गौतमीपुत्राने नहपानाच्या क्षहरात वंशाचा उच्छेद केला, असे नाशिकच्या लेण्यातला शिलालेख सांगतो. शिलालेखात स्तुती असते, अतिशयोक्तीही असू शकते. पण जिंकलेल्या राजाचा पैसा हजारोंच्या संख्येने आपल्या नावावर करून पुन्हा चालवलेला समोर दिसला, की शंका उरत नाही. एकेक नाणे दोन ग्रॅमच्या आसपासचे, म्हणजे सगळ्या ठेव्याची चांदी साधारण सव्वीस किलो. सापडणाऱ्याने ती सराफाला विकली असती, तर चांदी जगात तेवढीच राहिली असती आणि महाराष्ट्राच्या इतिहासातला एक भक्कम पुरावा एका दुपारी संपला असता. असे किती ठेवे संपले असतील, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

हाच पुरावा आपण दिवाळीच्या आधी घासून काढतो. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे. पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो, आधी पिवळसर, मग जांभळट, शेवटी काळा. हा थर बाहेरून बसलेली धूळ नव्हे, त्यात नाण्याचीच चांदी आहे. राखेने, रांगोळीने किंवा टूथपेस्टने घासले की थराबरोबर चांदी जाते, टांकसाळीतून आलेली मूळ झळाळी जाते आणि उंचवट्यांवरच्या बारीक रेषा बोथट होतात. वजनात फरक मिलिग्रॅमचा पडेल, संग्रहाच्या किमतीत निम्म्याहूनही अधिक पडू शकतो. बिनघासलेल्या नाण्याचा आग्रह हा संग्राहकांचा नखरा नाही. घासलेल्या नाण्यावर झिजेचा, शिक्क्याचा आणि बनावटीचा माग काढता येत नाही.

मग सराफाकडचे क्ष-किरण यंत्र सारे सांगत नाही का? ते धातू चांगले ओळखते, पण वरच्या काही मायक्रॉनांपासून फार तर मिलिमीटरच्या काही शतांशांपर्यंतच. रुपयाची जाडी सरासरी दीड मिलिमीटर आहे. शतकानुशतके जमिनीत पुरलेल्या नाण्याच्या पृष्ठभागातून तांबे झिरपून जाते, वरचा थर चांदीने समृद्ध होतो आणि यंत्र आतल्यापेक्षा चांगला कस दाखवते. म्हणून त्याच्या जोडीला घनता मोजलीच पाहिजे. आणि एका लबाडीपुढे दोन्ही उपाय हतबल आहेत: १९३८च्या रुपयातला आठ कोरून त्याचा नऊ केलेला असतो. चांदी अस्सल, वजन अस्सल, फक्त साल खोटे. ते पकडायला भिंग, अंकाभोवतीची खरवड ओळखणारी नजर आणि न घासलेला पृष्ठभाग लागतो.

दुसऱ्या टोकाला, रामसीता किंवा हनुमान कोरलेली, ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ साल असलेली पितळी नाणी लाखो रुपयांना विकू पाहणाऱ्यांची गर्दी आहे. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. आपले नाव वापरून जुन्या नाण्यांच्या खरेदीविक्रीचे आमिष दाखवले जाते, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ साली दिला होता. असे आमिष आले तर एक पैसाही आगाऊ देऊ नका. शेतात किंवा जुन्या वाड्याच्या पायात ठेवा सापडला, तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. नाणी जशी सापडली तशी, मडक्यासकट, कळवावीत. आणि चांदीचा भाव चढला म्हणून घरातली मोड विकायला काढाल, तेव्हा नाणी तेवढी वेगळी ठेवा. साल आणि वजन टिपून घ्या, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, जाणकार संग्राहकाला किंवा नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी विचारा. उत्तर येईपर्यंत ती घासू नका आणि आटवायला देऊ नका.