श्वासाची गोष्ट (७) : खाल्लेलं अंगी का लागत नाही?

धुराने वायुकोशांच्या भिंती कशा विरत जातात, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. मग बिघाड फुफ्फुसात असताना माणूस सगळ्या अंगाने का वाळतो? सीओपीडीच्या, म्हणजे फुफ्फुसाच्या या जुनाट आजाराच्या, रुग्णाची बायको सांगते, "दोन्ही वेळा गरम वाढते हो, पण खाल्लेलं अंगीच लागत नाही." क्षयाची, कर्करोगाची तपासणी होते आणि ती व्हायलाच हवी. पण बऱ्याचदा तसं काहीच निघत नाही.

उत्तराचा एक धागा चरबीत सापडतो. १९४९ साली अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत अधाशी, गलेलठ्ठ उंदरांची एक जात आढळली. त्यांच्यात नेमकं काय हरवलंय हे कळायला पंचेचाळीस वर्षं गेली. १९९४ साली रॉकफेलर विद्यापीठातल्या जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला ते सापडलं. ते होतं एक संप्रेरक, आणि ते बनवत होती खुद्द चरबीच! 'सडपातळ' अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव पडलं लेप्टिन. चरबी साठली की लेप्टिन वाढतं आणि मेंदूला सांगतं, पुरे. चरबी घटली की तेही घटतं आणि भूक खवळते.

या हिशेबाने वाळलेल्या रुग्णाला सडकून भूक लागायला हवी, कारण त्याचं लेप्टिन कमीच असतं. तरी तो चार घास खाऊन ताट सरकवतो. एक कारण साधं आहे : पोट भरलं की श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही आणि जेवतानाच धाप लागते. दुसरं कारण दाह. आजार उसळतो आणि दाह वाढतो तेव्हा लेप्टिन चरबीच्या मानाने जास्त चढलेलं आढळतं; म्हणजे कोठार रिकामं असताना 'पुरे'चा निरोप. बऱ्याच रुग्णांच्या रक्तात टीएनएफ हे दाहाचं प्रथिनही वाढलेलं असतं. त्याचं एक जुनं नाव कॅकेक्टिन, म्हणजे खंगवणारं. ते स्नायू झिजवतं आणि भूकही मारतं. त्यात श्वास ओढण्याच्या कष्टातच रोजची बरीच शक्ती खर्च होते.

मग चरबी असलेली बरी का? इथे गोष्ट अडते. पोटातली फुगलेली चरबी स्वतःच दाह पेटवते. लठ्ठ उंदरांच्या चरबीतूनच टीएनएफ निघतं, हे १९९३ साली दिसलं. ती आयएल-६ हे दाहाचा निरोप नेणारं प्रथिन सोडते, त्यावर यकृत सीआरपी हे दाहाचंच आणखी एक प्रथिन बनवतं, आणि दाह आवरणारं ॲडिपोनेक्टिन मात्र लठ्ठपणात घटतं. तरीही आजार बळावलेल्या रुग्णांत सडपातळांपेक्षा भरलेल्या अंगाचे जास्त जगतात, असं वारंवार आढळलं आहे. २००४ साली आलेल्या 'बोड' निर्देशांकात म्हणूनच फुफ्फुसाची ताकद, धाप आणि सहा मिनिटांचं चालणं यांच्या जोडीला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, आहे. तो २१ किंवा त्याखाली असला, की धोक्याचा एक गुण वाढतो.

मला खटकतो तो हा २१ चा आकडा. तो आला अमेरिका, स्पेन आणि व्हेनेझुएलातल्या रुग्णांवरून. त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी शेजारीशेजारी उभं राहून काढलेला स्वतःचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. गंमत म्हणून काढलेला वाटावा असा हा फोटो, पण मला तो कित्येक जाडजूड प्रबंधांवर भारी वाटतो. आपल्याकडे काटकुळा दिसणारा माणूसही पोटात चरबी बाळगून असतो.

म्हणजे बीएमआय २२ असलेला पुण्यातला विडीबहाद्दर, किंवा चुलीच्या धुरात जन्म काढलेली आजी, काट्यावर 'ठीक' ठरते. आत स्नायू झिजलेले असू शकतात आणि त्यांची जागा दाह वाढवणाऱ्या चरबीने घेतलेली असू शकते. वजन तेवढंच राहतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. कॅनडातल्या डॉक्टरांनी २००२ साली सीटी स्कॅनवर मांडीच्या स्नायूचं क्षेत्रफळ मोजलं, तेव्हा कोण दगावेल याचा अंदाज त्यावरून बीएमआयपेक्षा चांगला बांधता आला. स्कॅन प्रत्येकाचा कुठून काढणार? पण घरच्यांना एक खूण आधीच दिसलेली असते. आजोबांच्या पायजम्याची नाडी पोटावर काचते आणि त्याच पायजम्यात मांड्यांवरचं कापड झोळीसारखं लोंबतं.

(पुढच्या आठवड्यात : धाप लागत असताना व्यायाम करायचा तो कसा?)