कुलूप उघडेल, पण उत्तरानेच

कोडी सोडवत बंद खोलीतून सुटायचा खेळ 2007 मध्ये जपानच्या क्योटोत सुरू झाला. वर्गात त्यासाठी बंद खोलीही लागत नाही, गूगल फॉर्म पुरतो. प्रश्न सक्तीचा करून ‘रिस्पॉन्स व्हॅलिडेशन’ लावलं की बरोबर उत्तराशिवाय पुढचा भाग उघडत नाही.

यवतमाळच्या पाचवीसाठी पहिलं कुलूप असं: साडेबारा क्विंटल कापूस विकला, किलो किती? 1250 टाकलं की दार उघडलं. चुकलं तर नुसतं ‘चूक’ नको. ‘एका क्विंटलचे किलो किती?’ असा इशारा दिसू द्या. उत्तर आकड्यातच ठेवा, शब्द मागितला तर ऱ्हस्व-दीर्घावर पोरं अडतात.

दुसरं कुलूप समजा असं: पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री कधी झाले? 1963. पण हे कोडं नव्हे, नुसतं पाठांतर. साल एखाद्या उताऱ्यात दडवा, मुलांना शोधू द्या. आणि चौघांत मोबाइल एकच द्या, म्हणजे कोडं मिळून सोडवतील.