बफर किती मोठा असावा?

दोन संगणकांना जोडणारा मार्ग कितीही वेगवान असला, तरी त्यावरून माहिती त्याच वेगाने येईल असे नाही. मार्ग मोकळा असतो, यंत्रे निर्दोष असतात, आणि तरीही काम रेंगाळते. याचे कारण पुष्कळदा संगणकाच्या स्मृतीतील एका लहानशा राखीव जागेत सापडते. या तात्पुरत्या साठवणीच्या जागेस ‘बफर’ म्हणतात.

पोचेची पद्धत

एखादा व्यापारी दूरच्या गावी धान्याच्या गोण्या पाठवीत आहे अशी कल्पना करा. तेथील कोठारात दहाच गोण्या मावतात. म्हणून दहा गोण्या रवाना झाल्या की त्याला थांबावे लागते. पोच आल्यावाचून अकरावी गोणी पाठविता येत नाही. गाव दूर असेल, तर गाड्या व हमाल बहुतेक वेळ बसून राहतात. येथे रस्ता रुंद करून काय उपयोग? कोठारच वाढवावयास हवे.

विन्टन सर्फ व रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या योजनेतून ‘टीसीपी’ ही संदेशवहनाची पद्धत विकसित झाली. तीत हाच नियम चालतो. माहिती घेणारा संगणक आपल्या बफरात किती जागा शिल्लक आहे हे पाठविणाऱ्यास कळवीत असतो. पाठविणाऱ्यासही पोच न आलेली माहिती आपल्या बफरात जपून ठेवावी लागते. कारण ती वाटेत हरवल्यास पुन्हा धाडावयाची असते. म्हणून दोन्ही टोकांचे बफर पुरेसे असणे अवश्य आहे.

एक साधा गुणाकार

पुरेसे म्हणजे किती? मार्गाचा वेग आणि माहिती जाऊन पोच परत येण्यास लागणारा वेळ, यांचा गुणाकार केला की उत्तर मिळते.

अंदमान-निकोबार बेटांचे उदाहरण पाहू. २०२० पर्यंत त्यांचा मुख्य भूमीशी होणारा इंटरनेट-व्यवहार उपग्रहांवर अवलंबून होता. भूस्थिर उपग्रह सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असल्यामुळे संदेश जाऊन पोच येण्यास सुमारे अर्धा सेकंद लागतो. अशा मार्गाचा वेग सेकंदास १ कोटी बिट धरल्यास ५० लाख बिट, म्हणजे ६,२५,००० बाइट, एका वेळी वाटेत असावयास हवेत. परंतु १९८१ च्या टीसीपी-नियमांत ही मर्यादा ६५,५३५ बाइटांपुढे लिहिण्याची सोयच नव्हती. तेवढ्यास अर्ध्या सेकंदाने भागिले, तर वेग सेकंदास सुमारे साडेदहा लाख बिटच मिळतो. नऊ-दशांश मार्ग रिकामा राहतो! १९९२ मध्ये हा आकडा ठरावीक पटीने वाढवून वाचण्याची युक्ती योजण्यात आली व अडचण दूर झाली.

ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून बेटांपर्यंत समुद्राखालील केबल सुरू झाली. तिची सुमारे २,३०० किलोमीटरची संपूर्ण लांबी धरली, तरी प्रकाशास काचतंतूतून जाऊन येण्यास ०.०२३ सेकंद पुरतो. वेग तोच ठेवल्यास आता २९,००० बाइटांच्या आतबाहेर बफर पुरेल. अर्थात केबलमुळे वेगही अनेक पटींनी वाढतो. म्हणून हिशेब नव्याने करावा लागतो.

प्रणालीतील मांडणी

युनिक्ससदृश लिनक्स प्रणालीत घेण्याच्या व पाठविण्याच्या बफरांसाठी प्रत्येकी तीन आकडे ठेवलेले असतात: किमान, आरंभीचा आणि कमाल. या मर्यादांत प्रणाली स्वतःच गरजेप्रमाणे आकार वाढविते. व्यवस्थापकाने बहुधा कमाल आकडा गुणाकारास पुरेसा आहे एवढेच पाहावयाचे असते. मात्र एखाद्या प्रोग्रामने घेण्याच्या बफराचा आकार स्वतः ठरवून दिला, तर त्या जोडणीपुरती ही स्वयंचलित वाढ थांबते. हितासाठी घातलेला आकडाच मग बंधन ठरतो.

तर मग बफर अवाढव्य का ठेवू नये? ६,२५,००० बाइटांचे एक हजार बफर एकदम भरले, तर ६२ कोटी ५० लाख बाइट स्मृती गुंतून पडते. शिवाय मार्गात मावेल त्याहून अधिक माहिती सोडली, तर ती वाटेतील यंत्रांच्या रांगांत तिष्ठत राहते. मोठी फाइल वेगाने उतरते, पण त्याच मार्गावरून चाललेले दूरध्वनीचे संभाषण अडखळते.

तात्पर्य, लहान बफर मार्ग वाया घालवितो व अवास्तव मोठा बफर वेळ वाया घालवितो. वेग मोजावा, जाण्यायेण्याचा वेळ मोजावा, आणि मगच आकडा ठरवावा. नवी, महाग तार विकत घेण्यापूर्वी एवढा गुणाकार करून पाहणे केव्हाही शहाणपणाचे होय.