मोरीतील जलबंध : घराच्या आरोग्याचा पहारेकरी

पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील बोर्डी हे गाव सुरूची बने आणि चिकूच्या वाड्या यांसाठी सर्वपरिचित आहे. याच गावी १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्राचा पाया घातला आणि अनुताई वाघ यांच्या साथीने बालशिक्षण खेड्याच्या अंगणात नेले. मुलांच्या अंगची स्वच्छता हा त्या शिक्षणाचा आरंभीचा पाठ होता. आता खेड्यापाड्यांतही नळ, न्हाणीघर व शौचालय आल्याने या पाठाला एक जोड देणे अगत्याचे झाले आहे. सांडपाणी ज्या वाटेने बाहेर जाते, त्याच वाटेने झुरळे, डास व उंदीर घरात शिरतात. ती वाट एकेरी ठेवणे हेच खरे निर्मूलन होय.

जलबंधाचे कार्य

मोरीच्या जाळीखाली ‘नहाणी ट्रॅप’ नावाचे भांडे असते. पाणी वाहून गेल्यावरही त्याच्या बाकात थोडे पाणी उरते. हाच जलबंध. लंडनचे घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली अशा वाकड्या नळीच्या शौचकूपाचे पेटंट घेतले. मोरीत हा बंध साधारणतः ५० मिलिमीटरचा, तर दोन खड्ड्यांच्या ग्रामीण शौचालयात अवघा २० मिलिमीटरचा असतो. दुर्गंधी व कीटक रोखण्यास तो पुरतो. उंदीर मात्र पोहून येऊ शकतो. त्यासाठी मोरीवर घट्ट जाळी आणि बाहेरील चेंबरवर फट नसलेले झाकण हवे.

बंद घरातील धोका

वापर थांबला की हे पाणी सुकते. २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत तीनशेहून अधिक रहिवाशांना सार्स रोगाची लागण झाली. मोऱ्यांतील सुकलेले जलबंध हे त्याच्या फैलावाचे एक कारण असल्याचे तपासात आढळले. बोर्डीसारख्या किनारी गावातील बंद घरे, पर्यटकांच्या खोल्या आणि सुटीतील शाळा यांनी हे ध्यानी घ्यावे. आठवड्यातून एकदा मोरीत तांब्याभर पाणी ओतावे. घर दीर्घकाळ बंद राहणार असल्यास त्यावर चमचाभर खाद्यतेल सोडावे, म्हणजे पाणी लवकर आटत नाही.

डासांचा बंदोबस्त

हत्तीरोगाचा प्रसार करणारा क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास आठ ते दहा दिवस पुरतात. म्हणून सेप्टिक टाकीच्या वायुनळीला बारीक जाळी बांधावी व झाकणाच्या फटी सिमेंटने बुजवाव्यात. दोन खड्ड्यांच्या शौचालयास वायुनळीची गरजच नसते. फिनेल वारंवार ओतल्यास टाकीतील मैला कुजविणारे उपयुक्त जीवाणू मरतात. न्हाणीचे पाणी उघड्यावर न साचविता परसबागेतील केळी-अळूला द्यावे, अथवा विहिरीपासून दूर खोदलेल्या शोषखड्ड्यात सोडावे. किनाऱ्यालगत पावसाळ्यात भूजल वर येते. तेथे खोल खड्ड्यापेक्षा परसबागच श्रेयस्कर.

या कामी मोठा खर्च नाही. पावसाळ्यापूर्वी ग्रामपंचायतीने घरोघरच्या जाळ्या व झाकणे पाहावीत. शिक्षकांनी शाळेच्या मोरीतील जलबंध मुलांना प्रत्यक्ष दाखवावा. मुलांनी तो एकदा पाहिला, की घरच्या मोरीत तांब्याभर पाणी ओतण्याची आठवण तीच करून देतील.