ग्रहणीचे पथ्य आणि औषधाच्या पुडीतील गहू

ग्रहणी हे अग्नीचे अधिष्ठान होय. अन्नाचे ग्रहण, पचन, विवेचन आणि मोचन ही तिची कर्मे आपण पहिल्या वर्षापासून शिकत आलो आहोत. ही ग्रहणी दूषित झाली की मल कधी द्रव, कधी बद्ध होतो, आध्मान होते, बलक्षय होतो आणि रुग्ण दिवसेंदिवस कृश होत जातो. अशी लक्षणे घेऊन येणाऱ्या रुग्णांत काही रुग्ण असे असतात की ज्यांच्या विकाराचे निदान एकच असते आणि ते रोज त्यांच्या ताटात वाढले जाते. ते निदान म्हणजे गहू. आधुनिक वैद्यक या विकाराला सिलिॲक विकार म्हणते. सिलिॲक म्हणजेच ग्रहणी असे सरसकट समीकरण मांडणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु हा रुग्ण ‘जुनी ग्रहणी’ म्हणून आपल्याच दारी येतो, ही वस्तुस्थिती आहे.

गहू आणि जव (सातू) या आपल्याकडील धान्यांत, तसेच युरोपातील राय या धान्यात, ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणकेला जो चिवट ताण येतो तो याच प्रथिनामुळे. विशिष्ट आनुवंशिक प्रकृतीच्या व्यक्तींमध्ये हे प्रथिन लहान आतड्यात पोहोचले की शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे अंकुर झिजून सपाट होतात. पुढे लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे काहीही अंगी लागत नाही. म्हणूनच हा विकार केवळ अतिसाराच्या रूपाने येत नाही. लोहकल्प व मंडूर महिनोन्‌महिने देऊनही न हटणारा पांडू, मुलाची खुंटलेली उंची, मुलीचे लांबलेले ऋतुदर्शन, वारंवार येणारा मुखपाक, अकाली ठिसूळ झालेली हाडे, यांपैकी काहीही या विकाराचे एकमेव लक्षण असू शकते. काही रुग्णांना तर मलबद्धताच असते.

पथ्यापूर्वी परीक्षा

येथे चिकित्सकांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावयास हवी. संशय येताच ‘आजपासून गहू बंद’ असे सांगू नये. रक्तातील टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज प्रतिपिंडांची तपासणी आणि त्यानंतर दुर्बिणीद्वारे घेतलेला आतड्याच्या अस्तराचा तुकडा यांवर निदान ठरते, आणि या दोन्ही परीक्षा रुग्ण गहू खात असतानाच विश्वासार्ह ठरतात. गहू सोडल्यावर प्रतिपिंडे हळूहळू उतरतात, अस्तर भरून येऊ लागते आणि निदान हातचे निसटते. मग निश्चितीसाठी रुग्णाला पुन्हा काही आठवडे गहू खावयास लावण्याची वेळ येते. निदान निश्चित झाल्यावर मात्र पथ्य आजन्म आणि संपूर्ण असते. रुग्णाचे आईवडील, भावंडे व मुले यांचीही तपासणी सुचवावी, कारण त्यांच्यात या विकाराचा संभव इतरांपेक्षा अधिक असतो.

भारतातील चित्र प्रदेशानुसार फार वेगळे आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत या विकाराची प्रतिपिंडे उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के प्रौढांत आढळली. गव्हाचा रोजचा सरासरी आहार उत्तरेत ४५५ ग्रॅम, तर दक्षिणेत २५ ग्रॅम होता. आपला महाराष्ट्र भाकरी, भात आणि पोळी या तिन्हींचा प्रदेश आहे. त्यामुळे ‘हा पंजाबकडचा आजार’ म्हणून तो दृष्टीआड करणे परवडणारे नाही.

पर्पटी कल्प आणि एक जुना धडा

ग्रहणीत पर्पटी कल्पाचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. धान्य बंद करून रुग्णास केवळ दूध अथवा तक्र यांवर ठेवले जाते, तो सुधारतो, वजन धरतो. कल्प संपून पोळी सुरू झाली की काहींच्या तक्रारी परत येतात. युरोप-अमेरिकेनेही हाच अनुभव घेतला. १९२४ साली न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास यांनी अशा बालकांना केळ्यांच्या आहारावर ठेवले आणि ती सुधारली. श्रेय केळ्यांना मिळाले. पुढे नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी पथ्यात राहून गेलेली गोष्ट ओळखली. १९४४-४५ च्या हिवाळ्यातील दुष्काळात तेथे पाव दुर्मीळ झाला असता ही मुले सुधारली, आणि पाव परत येताच पुन्हा खालावली. १९५० साली त्यांनी आपल्या प्रबंधात गव्हाचे कारणत्व मांडले. आपणही कल्पाने आलेल्या सुधारणेचे श्रेय पर्पटीला किती आणि धान्य थांबल्याला किती, हे अशा रुग्णात तपासून पाहावे. निदानपरिवर्जन हीच येथे चिकित्सा आहे. दीपन-पाचन, रसायन, बृंहण या सर्वांचे स्थान त्यानंतरचे. गहू पचवून देणारे औषध आज कोणत्याही शास्त्राजवळ नाही, आणि तसे आश्वासन रुग्णास देणे उचित नव्हे.

भंडारदऱ्याचे ताट

गहू सोडल्यावर खायचे काय, हा रुग्णाचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर शहरातील महागड्या ‘ग्लुटेन-फ्री’ पाकिटात शोधण्याची गरज नाही. अहिल्यानगर जिल्ह्याच्या (पूर्वीचा अहमदनगर) पश्चिम टोकाला, कळसूबाई आणि रतनगडाच्या कुशीत भंडारदरा आहे. रतनगडावर उगम पावणाऱ्या प्रवरेवर १९१० ते १९२६ या काळात येथे विल्सन धरण बांधले गेले. धरणाचे पाणी कालव्यांनी खाली मैदानात जाऊन तेथे ऊस आणि गहू पिकवते. धरणाच्या वरच्या अंगाला, मुसळधार पावसाच्या डोंगरउतारांवर, महादेव कोळी व ठाकर समाजाच्या शेतांत मात्र पूर्वापार भात, नागली आणि वरई पिकते. तांदळाची वा नागलीची भाकरी, वरईचा भात, खुरासणीची चटणी, उडीद-कुळथाचे कालवण, रानभाजी, हे येथील घरचे ताट मुळातच ग्लुटेनरहित आहे. नागलीतील कॅल्शियम हाडे झिजलेल्या रुग्णास विशेष उपकारक ठरते.

याच अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कार्याकडे आपण शेतीच्या दृष्टीने पाहतो. सिलिॲक रुग्णाच्या दृष्टीने पाहिले तर गहू वगळूनही सकस ताट वाढता येते, याचीच ती तरतूद आहे.

मात्र हे ताटही आता अखंड राहिलेले नाही. रास्त भाव दुकानातून गहू येतो, टपरीवर खारी-बिस्किटे मिळतात, पर्यटकांसाठी पोळी आणि मैद्याचे पदार्थ होतात. शिवाय गावात गिरणी एकच असते. गव्हाच्या दळणानंतर त्याच जात्यातून निघालेले नागलीचे पीठ सिलिॲक रुग्णास निर्धोक राहत नाही. म्हणून धान्य अख्खे घ्यावे, निवडावे, धुऊन वाळवावे आणि घरच्या स्वतंत्र चक्कीवर वा जात्यावर दळावे.

रोजच्या पदार्थांची पारख

तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, राजगिरा, मका, साबुदाणा, सर्व डाळी, दूध, तूप, फळे व भाज्या स्वभावतः सुरक्षित आहेत. पोळी, पाव, रवा, मैदा, शेवया, कुरडया, लापशी ही वर्ज्य, हे रुग्णास सहज कळते. फसगत होते ती पुढील ठिकाणी:

मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी यांत गहू घालण्याची घरोघरी पद्धत आहे. सातूचे पीठ तर गहू अथवा जवाचेच. माल्टयुक्त पेये जवापासून होतात. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. मासे तळताना रवा लावतात. कढईतील तेलात आधी मैद्याचे पदार्थ तळलेले असतात. प्रसादाचा शिरा रव्याचा असतो. ‘खपली गहू पचायला हलका’ म्हणून तो या रुग्णास दिला जातो, पण खपली हाही गहूच आहे आणि तितकाच घातक. गव्हांकुराच्या रसात दाण्याचा अंश येण्याचा धोका असल्याने तोही टाळावा. ओट्स गव्हाच्या संसर्गाने दूषित असण्याचा संभव मोठा असतो.

पाकीटबंद पदार्थावरील मजकूर वाचावयास रुग्णास शिकवावे. भारतीय अन्न नियमांनुसार ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणविणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलीग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालत नाही, आणि ग्लुटेनयुक्त धान्य घटकांत असल्यास तसे घोषित करावे लागते.

आपल्या औषधांचे काय?

हा प्रश्न आपला, म्हणजे वैद्य आणि औषधनिर्मात्यांचा आहे. ग्रहणीत आपण चित्रकादि वटी देतो, आध्मानात हिंग्वाष्टक देतो. दोन्हींत हिंगू आहे. बाजारातील हिंग बहुतांशी ‘बांधणी’चा असतो, म्हणजे मूळ निर्यास गोंद आणि पिठासह बांधलेला, आणि हे पीठ पुष्कळदा मैद्याचे असते. खड्याच्या रूपात विकला जाणारा हिंगही शुद्धच असेल असे नाही.

हिशोब करून पाहू. पाठाप्रमाणे हिंग्वाष्टकात हिंगू आठवा भाग. दिवसाला सहा ग्रॅम चूर्ण दिले तर पोटात ७५० मिलीग्रॅम हिंग जातो. त्यात निम्मा मैदा धरला, तर मैदा ३७५ मिलीग्रॅम आणि त्यातून ग्लुटेन साधारण ३० मिलीग्रॅम. सिलिॲक रुग्णास दिवसाला १० मिलीग्रॅमच्या आतील मात्रा सर्वसाधारणपणे निर्धोक मानतात. ५० मिलीग्रॅम रोज तीन महिने दिल्यास आतड्याची हानी होते, असे २००७ च्या एका अभ्यासात दिसून आले. म्हणजे घरी कडक पथ्य पाळणाऱ्या रुग्णाला आपल्याच पुडीतून निदान पोचवले जाऊ शकते. तुपात भर्जन केल्याने ग्लुटेन नष्ट होत नाही.

अगस्त्य हरीतकीच्या पाठात यव आहे. अर्जुनत्वक् व गोधूम यांचा एकत्र पाठ आहे. तर्पण, मंथ यांतील सक्तू बहुधा यवाचेच. हे कल्प सिलिॲक रुग्णास देऊ नयेत. यवक्षाराविषयी शंका घेतली जाते, परंतु जव जाळून राख झाल्यावर प्रथिन उरत नाही. पेया, विलेपी, मंड हे कल्प तांदळाचे करावेत. यवचूर्णाच्या उद्वर्तनाने अखंड त्वचेतून अपाय संभवत नाही, मात्र उडणारी धूळ तोंडात जाऊ शकते, म्हणून या रुग्णात ते टाळणे बरे.

औषधशाळेने व चिकित्सकाने काय करावे

औषधशाळांनी हिंगाच्या प्रत्येक पुरवठ्यासोबत घटकांची लेखी हमी मागावी. आयोडिनच्या थेंबाने नमुना निळा झाला तर त्यात पिष्ट आहे एवढे कळते. ते गव्हाचे की तांदळाचे, हे त्यावरून ठरत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेत एलायझा पद्धतीने ग्लुटेनची तपासणी करून घ्यावी. वटीच्या बंधनासाठी वापरलेले पिष्ट मक्याचे की गव्हाचे, याची नोंद ठेवावी. यव वा गोधूम दळलेल्या यंत्रावर ग्रहणीची औषधे दळू नयेत, किंवा मध्ये यंत्र पूर्ण स्वच्छ करावे. अन्नाच्या वेष्टनावर ग्लुटेनयुक्त धान्याची सूचना देण्याचा नियम अन्नपदार्थांसाठी आहे. आपल्या औषधांचे नियमन १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यान्वये होते. नियमाची वाट न पाहता ‘यात गहू अथवा जव आहे’ किंवा ‘नाही’ एवढी एक ओळ वेष्टनावर छापणे निर्मात्याच्या हाती आहे.

चिकित्सकांनी अशा रुग्णाच्या केसपेपरवर ठळक नोंद करावी, औषध देण्यापूर्वी त्यातील प्रत्येक घटक वाचावा, आणि लक्षणे पथ्य पाळूनही टिकून राहिली तर औषध बदलण्याआधी औषधाचीच झडती घ्यावी. प्रारंभी काही आठवडे दूध सोसत नाही, अशा वेळी ताजे तक्र उपयोगी पडते.

चरकसंहितेने गोधूम जीवनीय, बृंहण आणि स्थैर्यकर सांगितला आहे, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरेच आहे. परंतु सात्म्य-असात्म्याचा विचार शास्त्रानेच आपल्या हाती दिला आहे. ज्याला गहू असात्म्य, त्याच्यासाठी नागलीची भाकरी हेच बृंहण होय. आणि ती भाकरी खाणाऱ्याच्या हाती आपण ठेवलेली पुडी गव्हापासून मुक्त असणे, हे आपले कर्तव्य होय.