पडद्याच्या कोपऱ्यातली शाबासकी

नाशिक फाट्यावर चाकणच्या कंपनी बसची वाट बघणाऱ्या कासारवाडीच्या पोरांच्या मोबाइलवर बीजीएमआय हा गेम सुरू असतो. बोलणं मात्र खेळाचं कमी, रँकचं जास्त. सीझन संपायच्या आत क्राऊनची पायरी गाठायची, जमलं तर तिच्या वरची एस. त्यासाठी रोज 'पुश', म्हणजे रँक वर ढकलणं. यात खेळाची मजा वाढते का?

शाबासकीची ही पद्धत तशी जुनी. 1982 मध्ये ॲक्टिव्हिजनच्या 'पिटफॉल'मध्ये 20,000 गुण झाले, की टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून पोस्टानं पाठवायचा. कंपनी शर्टावर शिवायला कापडी बिल्ला धाडायची. 2005 मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स 360 या कन्सोलबरोबर हे काम यंत्राकडे दिलं. 'अचिव्हमेंट' मिळाली, की पडद्यावर पट्टी झळकते आणि गुण खात्यात जमा होतात. 2008 मध्ये सोनीनं प्लेस्टेशनवर ट्रॉफ्या आणल्या; सगळ्या जमवल्या, की वर प्लॅटिनम. निन्टेन्डोच्या स्विचनं मात्र असली खातेवही ठेवलीच नाही.

म्हणूनच पुण्यात घडलेला एक गेम इथं आठवतो. नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' ऑगस्ट 2020 मध्ये आधी स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर. पळवून नेलेल्या धाकट्या भावाला शोधणारी राजी, राजस्थानी धाटणीचे महाल, गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू. हे सगळं स्विचवाल्यांनी बिल्ल्याविना अनुभवलं, आणि त्यांचं काही अडलं असं मला वाटत नाही. गेममधल्या भिंतींवर देवादिकांच्या कथा चितारल्या आहेत. ज्याला चित्रं आवडतात तो तिथं आपणहून रेंगाळतो. तलवारबाजीच्या घाईत पुढं पळणाऱ्याला एखाद्या बक्षिसानं तिथं थांबवलं, तर मात्र त्या बक्षिसानं खरोखर भर घातली म्हणायची.

बाकी आमिषाचा हिशेब उलटाही बसतो. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत चित्रकलेची आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढा, प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. पुढं मोकळ्या वेळात पहिल्या गटातली मुलं बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रं काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड जशीच्या तशी राहिली.

लपवून ठेवलेल्या अचिव्हमेंट मला आवडतात त्या यासाठीच. आपण सहज काही उचापत करावी आणि गेमनं 'बघितलं हं' म्हणावं, यात गंमत आहे. उलट, सीझन संपला की खाली घसरणारी रँक म्हणजे बिनपगारी हजेरी. खाडा पडला, की कापलीच!

अचिव्हमेंटची किंवा ट्रॉफीची सूचना एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनवर सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. पहिल्या फेरीला ती बंदच ठेवावी. गेम मनापासून आवडला आणि संपूनही सोडवेना, की मग यादी उघडावी. आपण कुठल्या वाटेनं गेलोच नाही, ते तिच्यात नेमकं सापडतं.