पावसाच्या ओढीवर राखेचा उतारा

तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं शहापूर तालुक्यातली, आणि मे महिन्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही त्याच तालुक्यातले. हे दर उन्हाळ्यात छापून येतं. भाताची तहान मात्र ऐन पावसाळ्यातली, म्हणून ती सहसा बातमीत येत नाही. शहापूर-मुरबाडमध्ये वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो, पण तो चार महिन्यांत कोसळतो आणि मध्येच दडी मारतो. लावणीनंतर लांबलेली उघडीप आली की उतारावरच्या हलक्या खाचरांना भेगा पडतात. सप्टेंबरअखेर पावसाने ओढ दिली तर गरवं भात ऐन पोटरीत सापडतं, लोंब्या पोचट निघतात.

यावरचा एक स्वस्त उपाय भातगिरणीच्या मागे पडून असतो: तूस. तूस जाळलं की वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी राख उरते आणि त्या राखेत ८५ ते ९० टक्के सिलिका असते. भात हे सिलिका भरपूर शोषणारं पीक. पानाच्या वरच्या पापुद्र्याखाली तिचा थर बसला की पानातून उडून जाणारं पाणी कमी होतं, रोप ताठ राहतं, खोडकिडीलाही ते पोखरणं जड जातं. मातीतज्ज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी भाताच्या ‘चारसूत्री’ पद्धतीत या राखेला पहिलं स्थान दिलं. रोपवाटिकेत दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो काळी राख मिसळायची; पुढे गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडायचा, नियंत्रित अंतरावर लावणी करायची आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या खोचायच्या. राब भाजणाऱ्या शेतकऱ्याला राख नवी नाही. पण राबासाठी झाडांच्या फांद्या तोडाव्या लागतात, तूस आयतंच मिळतं.

राख रोपाला बळ देते, पाणी धरून ठेवायचं काम मातीचं. शेजारच्या कर्जत तालुक्यात, नेरळजवळ, चंद्रशेखर भडसावळे यांनी ‘सगुणा राइस टेक्निक’ रुजवलं. त्यात चिखलणी आणि लावणी दोन्ही नाहीत. कायमच्या गादीवाफ्यांवर भात टोकायचं, कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची आणि त्याच वाफ्यावर वाल किंवा हरभरा घ्यायचा. कुजणाऱ्या मुळांमुळे सेंद्रिय कर्ब वाढतो, आणि चिखल न केलेली जमीन सुकताना तितकी तडकत नाही. तणनाशकावर असलेली भिस्त ही या पद्धतीची लंगडी बाजू.

मग उरतात कृषी सेवा केंद्रातल्या बाटल्या: समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक आम्ल, अमिनो आम्लं. यांना जैवउत्तेजकं म्हणतात. यांतलं शेवाळ काही थोतांड नाही. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर वाढवल्या जाणाऱ्या कप्पाफायकस शेवाळाच्या अर्कावर भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने बरंच काम केलं आहे. असा अर्क ताण येण्याआधी फवारला तर रोपाची स्वतःची तयारी जागी होते: मुळं वाढतात, पेशींत पाणी धरून ठेवणारं प्रोलीन साठतं. जमीन भेगाळल्यावर मारलेल्या फवाऱ्याकडून मात्र फारशी आशा ठेवू नये. बाटलीत पाऊस नसतो.

बाजारात भेसळीला मोकळं रान होतं ते वेगळंच. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने ही उत्पादनं खत नियंत्रण आदेशाखाली आणली. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सांगितलं की, एकेकाळी अशी सुमारे ३० हजार उत्पादनं बिनतपासणी विकली जात होती. त्या वेळपर्यंत ती साडेसहाशेच्या आसपास उरली होती. तेव्हा लेबल वाचून आणि पक्की पावती घेऊनच खरेदी करावी.

राखेतही डावं-उजवं असतं. भिवंडी-शहापूर पट्ट्यातल्या वीटभट्ट्यांत तूस इंधन म्हणून जातं. तिथल्या प्रखर आचेत सिलिकेचे स्फटिक होतात आणि ती मातीत सहज विरघळत नाही. खाचरासाठी तूस मंद धुमसवून केलेली काळी राखच हवी. त्यासाठी भट्टीवाल्याचा ट्रक येण्याआधी गिरणीवर पोती भरून ठेवावी लागतात.